धूळ उडू द्यायची नाही

प्रताप नगर, नागपूर
६ जानेवारी २०२५

मोठेबाबांना काजलचा नमस्कार,

परवा फोनवर तुम्ही 'काय वं, कशी आहेस' एवढंच म्हणालात आणि पुढचं सगळं खोकल्यानं खाऊन टाकलं. अंजूताईनं फोन घेतला अन् म्हणाली, 'तू पत्र टाकत जा बाई. बाबा बोलू शकत नाहीत, पण पत्र चार-चार वेळा वाचतात.' म्हणून आज दहा वर्षांनी पोस्टातून अंतर्देशीय आणलं. पोस्टातला माणूस माझ्याकडे पाहतच राहिला.

बातमी मोठी आहे. तांडापेठेतला आपल्या विणकर सोसायटीचा हॉल उघडणार! चौदा वर्षांनी. कृष्णकांतभाऊ आता अध्यक्ष आहेत. त्यांनी सभा घेऊन ठरवलं, की वरच्या मजल्यावर मुलींसाठी अभ्यासिका करायची. वस्तीतल्या किती पोरी परीक्षांचा अभ्यास करतात, आणि घरात टीव्हीपुढे चार माणसं बसलेली. त्यांना एक शांत टेबल मिळेल.

मी काल हॉल पाहून आले. कुलपात तेल सोडावं लागलं. वर गेले, पण दारातूनच पाहिलं, आत पाय टाकला नाही. छतात नुसता पंखांचा फडफडाट. खालची जमीन दिसतच नाही, सगळीकडे कबुतरांच्या शिटेचा पांढुरका थर. भिंतीकडेला तर गुडघ्याएवढा.

हे साफ करायचा बंदोबस्त सोसायटीनं माझ्याकडे दिला आहे. मी मिहानमध्ये असते म्हणून मला यातलं कळतं असं त्यांना वाटतं. पण बावीस वर्षं त्या हॉलची किल्ली तुमच्या कमरेला होती. तुमच्याइतकं कोणालाच माहीत नाही. म्हणून विचारते. वरची जमीन किती वजन सोसेल? पाणी कुठून घ्यायचं? कबुतरं आत येतात कुठून? आणि तुमच्या वेळी सफाई कशी व्हायची तेही लिहा. सवडीनं लिहा, दम घेत घेत.

तुमची
काजल


काटोल
११ जानेवारी

काजल पोरी, तुले आशीर्वाद.

पत्र आलं. चार नाही, सहा वेळा वाचलं. हॉल उघडून राहिले हे वाचून मले दोन पोळ्या जास्त गेल्या, अंजूले विचार.

आता नीट ऐक. वरची जमीन सागवानी फळ्यांची हाय. एक नंबर लाकूड, पण पूर्वेच्या कोपऱ्यातल्या तीन फळ्यांले वाळवी लागली होती. तिथं दोघांच्या वर माणूस उभा करू नको. पाण्याचा नळ जिन्याखाली हाय, लाकडी पेटीच्या मागं, कोणाले दिसत नाही. अन् कबुतरं येतात ते वरच्या सहा गोल झरोक्यांतून. जाळ्या मी स्वतः लावल्या होत्या, सडल्या असतील.

सफाईचं विचारतेस तं अभिमानानं सांगतो. दर शनिवारी मी एकटा वरचा हॉल झाडत होतो. नाकाले पंचा बांधायचा अन् खराटा मारायचा. अशी धूळ उडे का समोरची खिडकी दिसे नाही. झाडून झालं का शनिवारी संध्याकाळी अंगात ताप भरे, छाती जड होये. रविवारी पडून राहो. सोमवारी पुन्हा टनाटन, ड्यूटीवर हजर. बावीस वर्षांत एक सोमवार चुकला नाही. सोसायटीच्या सभेले कलेक्टर आलते एकदा, ते म्हणाले, 'इतका स्वच्छ हॉल मी पाहिला नाही.' ते वाक्य मी आजही विसरलो नाही.

आता मात्र जिना चढवत नाही. दमा हाय. वय झालं.

माझा वेळ चांगला जाते. अंजूच्या घरामागच्या शेडवर रोज सकाळी ज्वारी टाकतो. चाळीसेक कबुतरं येतात. मी शेडखालीच खाट टाकली हाय, त्यायच्या घुमण्यानं झोप लागते.

पण एक सांग, तुले या भानगडी कायले? तू ऑफिसात बसणारी. झाडणाऱ्याले सांग अन् मोकळी हो. मी तं इथं सगळ्यायले सांगतो, आमची काजल मिहानच्या कंपनीत सुपरवायझर हाय, एसीत बसते.

जागेश्वर


प्रताप नगर
१५ जानेवारी

मोठेबाबा,

मी एसीत बसत नाही. कधीच बसले नाही.

बाबा गेले तेव्हा तेरवीला तुम्ही सगळ्यांना सांगितलं, 'पोरगी सुपरवायझर झाली.' तेव्हा तुम्हाला खोटं पाडवलं नाही. खरं हे आहे, की मी मिहानमध्ये विमान दुरुस्तीच्या शेडमध्ये नऊ वर्षं सफाई केली. त्या शेडच्या छतातही कबुतरं होती. तिथल्या सेफ्टीच्या सरांनी आम्हाला पंधरा दिवस शिकवलं, की वाळलेली शीट कधीही झाडायची नाही. आता दोन वर्षं झाली, मी नोकरी सोडून स्वतःचा गट काढला आहे. आम्ही सहाजणी आहोत. जुन्या इमारती, बंद गोदामं, पाण्याच्या टाक्यांवरच्या खोल्या, जिथं कोणी जात नाही तिथं आम्ही जातो. सोसायटीनं मला बंदोबस्त दिला तो ऑफिसवाली म्हणून दिला नाही, हेच काम करणारी म्हणून दिला.

तुम्हाला राग येईल. पण याच्यापुढचं जास्त महत्त्वाचं आहे, म्हणून पूर्ण वाचा.

तुमच्या पत्रातला शनिवार मी पुन्हा पुन्हा वाचला. झाडल्यावर संध्याकाळी ताप, छाती जड, दोन दिवसांनी बरं. सरांनी आम्हाला अगदी हेच सांगितलं होतं. वाळलेल्या शिटेची आणि पिसांची बारीक धूळ छातीत जाते. तिच्यात बुरशीही असते. काही माणसांचं शरीर त्या धुळीशी भांडत राहतं. ती वर्षानुवर्षं आत जात राहिली की फुफ्फुस कडक होत जातं. पंच्यानं ती अडत नाही. लोक त्याला दमा समजतात. तुम्हाला तेच आहे असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पण तुमच्या डॉक्टरांना शनिवारचं सांगा. आणि हात जोडून सांगते, शेडखालची खाट आजच उचला.

दुसरी गोष्ट. कृष्णकांतभाऊंनी २६ जानेवारीला श्रमदान ठरवलं आहे. वस्तीतली चाळीस पोरं-पोरी, प्रत्येकाच्या हाती खराटा. मी नाही म्हटलं तर म्हणतात, 'जागेश्वरनं बावीस वर्षं झाडला, त्याले काय झालं?'

यावर मी काय बोलू? तुम्हीच सभासदांना चार ओळी लिहा ना. तुमचं ते ऐकतील.

काजल


काटोल
१९ जानेवारी

काजल,

मी हॉलमध्ये घाण ठेवली, अन् त्या घाणीनं मी बिमार पडलो, असं म्हणतेस का तू? कलेक्टरनं स्वच्छ म्हटलं तो हॉल होता.

माझी तब्येत डॉक्टर पाहून राहिले. दमा हाय म्हणून सांगतलं त्यायनं. तू शिकवू नको.

आपण विणकर. तुझ्या आज्याच्या हातची नऊवारी लोक दुकानात नाव घेऊन मागत. त्या घरातली पोरगी लोकायची घाण उचलते, अन् मी इथं चार लोकांत तुझ्या एसीच्या गोष्टी सांगत बसलो. अंजूच्या सासऱ्याले आता कोणत्या तोंडानं सांगू?

चिठ्ठी-फिठ्ठी मी देणार नाही. माझं नाव तिथं घेऊ नको.

जागेश्वर


प्रताप नगर
२१ जानेवारी

मोठेबाबा,

तुमचं पत्र एकदाच वाचलं. दुसऱ्यांदा वाचवलं नाही.

तुम्ही हॉल घाण ठेवला असं मी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. तुम्ही तो इतका झाडलात म्हणूनच इतकी धूळ तुमच्या छातीत गेली. तुम्हाला कोणी सांगितलंच नाही. त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हतं. आज मला ठाऊक आहे, म्हणून मला गप्प बसता येत नाही. एवढाच फरक.

आणि लोकांच्या घाणीचं म्हणाल, तर ऐका. मागच्या वर्षी एका जुन्या दवाखान्याचं वरचं गोदाम आम्ही नऊ दिवसांत मोकळं केलं. त्याआधी तिथल्या शिपायानं झाडायला घेतलं होतं, तो चार दिवस तापानं पडला. आमच्यातल्या एकीलाही शिंक आली नाही. सुमतीबाई आमच्यात सगळ्यात मोठी, साठीला आलेली. ती म्हणते, 'धूळ उडू द्यायची नाही, बस. बाकी सगळं देव पाहते.' मला या कामाची लाज वाटत नाही. तुमच्यापासून लपवलं याची वाटते.

काल सोसायटीत गेले होते. कृष्णकांतभाऊ म्हणाले, "काजल, तुले नऊ दिवस पाहिजेत, अंगभर सूट पाहिजेत, मास्क पाहिजेत. अन् इथं पोट्टे फुकटात एका दुपारी करून देऊन राहिले. मी काहून थांबू?"

मी म्हटलं, "भाऊ, पोरं झाडतील आणि संध्याकाळी त्यांना ताप येईल. एकाला आला तरी तुम्ही काय सांगाल त्याच्या आईला?"

"काही होत नाही. आपण लहानपणी कबुतरं खांद्यावर घेऊन फिरलो."

त्यांची नात भूमिका तिथंच बसली होती. बारावीला आहे. श्रमदानाच्या यादीत पहिलं नाव तिचं. ती हळूच म्हणाली, "आजोबा, ताई म्हणते तं पाहून घ्या ना." तर तिलाच ओरडले.

तुमच्याकडून मी आता काही मागत नाही. तुम्ही रागावलात तरी तुमच्या छातीची काळजी मला राहील, एवढंच सांगायला हे लिहिलं. २६ तारखेला सकाळी आम्ही सहाजणी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभ्या राहू. आमच्या अंगावरून कोणी वर जाणार नाही.

काजल


काटोल
२४ जानेवारी

काजल,

पोस्टानं वेळेवर पोचणार नाही, म्हणून हे पत्र अंजूच्या हाती देऊन राहिलो. ती उद्याच्या पहिल्या बसनं येते.

मी तुले खोटं लिहिलं. तुलेच नाही, डॉक्टरलेही खोटं सांगतलं.

दोन वर्षांपूर्वी अंजू मले नागपूरले छातीच्या मोठ्या डॉक्टरकडे घेऊन आली होती. त्यायनं फोटो पाहिला अन् पहिलाच प्रश्न केला, 'बाबा, कबुतरांशी तुमचा संबंध आला का कधी?' मी म्हटलं, 'नाही.' पुन्हा विचारलं, 'घराजवळ? कामावर?' मी म्हटलं, 'नाही जी.' अंजू बाहेर कागद भरत होती, तिले मालूम नाही. डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं अन् गोळ्या लिहून देल्या. घरी आल्यावर मीच सगळ्यायले सांगतलं, दमा हाय.

काहून खोटं बोललो? मले वाटलं, हो म्हटलं तं बोट हॉलकडे जाईल. लोक म्हणतील, हॉलनं जागेश्वरले खाल्लं. माझ्या आयुष्यात दाखवण्यासारखी ती एकच चीज. अन् तुझी मोठीआई गेल्यापासून सकाळी माझी वाट पाहणारं कोण होतं? ते चाळीस कबुतरं. तेही जातील म्हणून भेव वाटलं.

तुझं पत्र काल अंजूनं मोठ्यानं वाचून दाखवलं. मीच सांगतलं वाचाले, चष्मा सापडत नाही म्हणून. चष्मा खिशातच होता. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर गोष्ट वेगळी लागते वं. जिन्याच्या पायरीवर उभ्या राहू म्हणतेस. अरे, त्या जिन्यावर उभं राहून मी बावीस वर्षं लोकायले चपला काढाले लावल्या! माझ्या मागं तिथं कोणी उभं राहीन असं वाटलं नव्हतं.

खाट काल दुपारीच उचलली.

सभासदांसाठी चिठ्ठी सोबत हाय. सगळ्यायच्या समोर वाच. नाव गाळू नको. पूर्ण नाव वाच.

जागेश्वर


प्रताप नगर
२७ जानेवारी

मोठेबाबा,

काल काय झालं ते सगळं सांगते.

सकाळी आठ वाजता झेंडावंदन झालं. साडेआठला पोरं-पोरी रांगेत उभी. कोणाच्या हातात खराटा, कोणाच्या हातात घमेलं, तोंडाला ओढण्या आणि रुमाल. उत्साह इतका, की मलाच वाईट वाटलं. आम्ही सहाजणी पायरीवर. कृष्णकांतभाऊ लाल झाले होते. "बाजूले हो काजल, तमाशा नको."

मी म्हटलं, "एक चिठ्ठी आहे. वाचून झाली की तुम्ही म्हणाल ते."

अंजूताई पुढं आली. म्हणाली, "माझ्या बाबांची आहे, मीच वाचते." आणि तिनं वाचली. मी तिथं ऐकली तशी इथं उतरवून ठेवते, कारण तुम्ही लिहिली, पण ती तिथं कशी ऐकू गेली ते तुम्हाला कळायला हवं:

'मी जागेश्वर तुकाराम सोनकुसरे, या हॉलचा माजी चौकीदार. बावीस वर्षं मी हा हॉल सुका झाडला. दर शनिवारी मले ताप येत होता. मी कोणाले सांगतलं नाही. आज मी वीस पावलं चाललो का बसतो. डॉक्टरनं विचारलं तं खोटं बोललो. माझ्या झाडण्याचा मले अभिमान हाय, पण माझ्यासारखं झाडू नका. कृष्णकांत, तू अन् मी एकाच अंगणात सुताच्या कांड्या भराले शिकलो. तू विचारलं ना, जागेश्वरले काय झालं म्हणून? हे झालं. ज्या पोरी इथं शिकणार हायत, त्यायच्या छातीत ही धूळ घालू नको. काजल सांगते तसं कर. तिले हे काम येते. मले येत नव्हतं.'

चिठ्ठी संपली. मग रांगेतला पहिला खराटा खाली पडला, भूमिकाचा. तिनं तो मुद्दाम टाकला की हातातून सुटला, मला माहीत नाही. कृष्णकांतभाऊंनी चिठ्ठी मागून घेऊन स्वतः पाहिली. शेवटी म्हणाले, "वीस पावलं? जागेश्वर? अरे, तो तं मागाचा खांब एकटा उचलून नेत होता." आणि रुमाल काढला.

मग माझ्याकडे वळले. "काय काय लागते ते लिहून दे."

पोरांना मी घरी पाठवलं नाही. खालच्या मजल्यावर पक्षी नाहीत, तिथल्या भिंती पुसायला आणि अंगणातलं गवत काढायला लावलं. दुपारी सगळ्यांनी मिळून पोहे खाल्ले.

मोठेबाबा, तुमचं पूर्ण नाव वाचताना अंजूताईचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

काजल


काटोल
१४ फेब्रुवारी

काजल,

थोडंच लिहितो. मंगळवारी त्याच डॉक्टरकडे गेलो. सगळं खरं सांगतलं, शनिवार, शेड, खाट, ज्वारी. ते म्हणाले, 'बाबा, दोन वर्षं उशीर केला.' मी म्हटलं, 'दोन नाही जी, छत्तीस.' ते हसले. गेलेलं फुफ्फुस परत येत नाही म्हणाले, पण राहिलेलं वाचवता येईल, जर कबुतरांपासून दूर राहिलो तं. औषध बदललं.

ज्वारी खाट उचलली तेव्हाच बंद केली. पहिले चार दिवस ते शेडवर येऊन बसले, माझ्या खिडकीकडे पाहत. मी खिडकी लावून घेतली. जीव तुटला, खोटं कायले सांगू. मग अंजूच्या नवऱ्यानं तुझ्यावाला उपाय केला, शेड आधी ओलं करून मास्क लावून धुतलं. आता तिथं संत्र्यांच्या पेट्या ठेवल्या हायत.

हॉलचं लिही. सगळं लिही.

जागेश्वर


प्रताप नगर
१० मार्च

मोठेबाबा,

काम संपलं! नऊ दिवस म्हटले होते, पण मध्ये थांबावं लागल्यानं महिना गेला. कारण सांगते, पण आधी पहिला दिवस.

जिन्याखालचा नळ तुम्ही सांगितला तिथंच निघाला. कृष्णकांतभाऊंनी तीस वर्षांत तो पाहिला नव्हता. आम्ही अंगभर सूट घातले, दुहेरी हातमोजे, चष्मे, गाळणीचे मास्क. एकमेकींचे मास्क तपासले, कुठून हवा आत येते का ते हात लावून पाहिलं. सुमतीबाई म्हणाली, "चंद्रावर निघालो का काय वं आपण!"

फळबागेत मारतात तसला पाठीवरचा पंप आम्ही नवा घेतला आहे, त्यात कधी औषध घातलेलं नाही. त्यातून साबणाच्या पाण्याचा बारीक फवारा दारापासून सुरू केला. जोराची धार मारली की धूळ उडते, म्हणून धुक्यासारखा फवारा. वीस मिनिटं भिजू द्यायचं, मग प्लास्टिकच्या फावड्यानं उचलायचं, खरवडायचं, दुहेरी पिशवीत भरून तोंड बांधायचं. सुकायला लागलं की पुन्हा फवारा. तुमच्या सागवानी जमिनीवर वजन नको म्हणून भरलेली पिशवी लगेच खाली. पूर्वेच्या कोपऱ्यात मी आणि पायल, दोघीच. फळी करकरली, पण धरून राहिली. अंकुशनं त्याच्या छोट्या हत्ती टेम्पोतून पिशव्या झाकून नेल्या, महापालिकेनं सांगितलं तिथंच टाकल्या. स्वतःच्या नवऱ्याला मी मास्कशिवाय गाडीत चढू दिलं नाही, वस्तीतली माणसं हसली. सूट तिथंच काढायचे, तिथंच अंघोळ करायची, मगच घर. एकूण एकशे बारा पिशव्या झाल्या.

सहाव्या दिवशी आमच्यातल्या मयुरानं हाक मारली. पश्चिमेच्या झरोक्यात घरटं होतं, दोन पिल्लं, अंगावर नुसते पिवळे केस. जाळ्या लावणारा माणूस शिडी घेऊन उभा. कृष्णकांतभाऊ म्हणाले, "लाव जाळी, तारीख जवळ येऊन राहिली." मला तुमची खाट आठवली. मी म्हटलं, "पाच झरोके बंद करा. हा राहू द्या. उडाले की लावू." मला वाटलं आता भांडण. ते म्हणाले, "बरं. जागेश्वरनंही हेच केलं असतं." आम्ही तेवढा कोपरा प्लास्टिकनं झाकून बाहेर पडलो. पिल्लं उडायला तीन आठवडे गेले. मग तिथलं घरटं भिजवून काढलं, जाळी लावली.

काल शेवटचा हात फिरवला. जमीन पुसल्यावर सागाचा रंग वर आला. ओल्या कपड्यानं पुसता पुसता सुमतीबाई थांबली. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाली, "कोणं केली असंन एवढी चांगली जमीन? अन् आपण पहिल्यांदा पाहून राहिलो."

तीस मार्चला गुढीपाडवा, त्या दिवशी उद्घाटन. डॉक्टरांना विचारून या. आत आता एक पीसही नाही, मी स्वतः पाहिलं आहे.

काजल


काटोल
३ एप्रिल

काजल पोरी,

घरी पोचून तीन दिवस झाले, पण मन अजून तिथंच हाय.

अठरा पायऱ्या. तीन वेळा बसलो. तू खाली पाहुण्यांत होती, तुले दिसलं नाही. कृष्णकांत माझ्यासोबत प्रत्येक वेळी पायरीवर बसला. वर पोचलो अन् दारात उभा राहिलो. मले धूळच दिसे नाही. बावीस वर्षांत मी त्या हॉलचा तो चेहरा पाहिला नव्हता. मी झाडला तरी हवेत काहीतरी राहे. आता सकाळचं ऊन सरळ जमिनीवर पडलं होतं, मध्ये काहीच नाही. मी मोठा श्वास घेतला. खोकला आला नाही.

एका पाहुण्यानं मले विचारलं, 'ती पिवळ्या साडीतली बाई कोण?' मी म्हटलं, 'माझी पुतणी. सफाईचं काम करते. हा हॉल तिनं साफ केला.' ते म्हणाले, 'अच्छा, कंपनी आहे का?' मी म्हटलं, 'कंपनी नाही जी. सहा बायका हायत. जिथं तुमची कंपनी जात नाही, तिथं ह्या जातात.' छाती भरून आली, पण बिमारीनं नाही.

भूमिका अन् तिच्या मैत्रिणी पुस्तकं घेऊन बसल्याही. भाषण चालू होतं तरी एक पोरगी गणित सोडवून राहिली होती. असंच पाहिजे.

आता कामाचं बोलतो. तिथं एक मास्तर भेटले. त्यायच्या शाळेची जुनी माडी कबुतरांनी भरली हाय, अन् शिपायाले झाडाले सांगतलं म्हणे. मी मास्तरले तिथंच धरलं अन् तुझा नंबर देला. पण मले मालूम हाय, तू जाशील, समजावशील, अन् तेही म्हणतील, 'आजवर झाडलं, कोणाले काय झालं?' त्या वेळी तुझ्याजवळ जागेश्वर पाहिजे.

मले घेऊन चल. मी माडीवर येणार नाही, बाहेर बसतो. डॉक्टरले विचारलं, मैदानात दूर बसाले हरकत नाही म्हणाले. जास्त बोलवत नाही, पण दहा मिनिटं पुरतात. चिठ्ठीपेक्षा माणूस बरा.

जागेश्वर


प्रताप नगर
७ एप्रिल

मोठेबाबा,

मास्तरांचा फोन आला. शिपायाला त्यांनी थांबवलं आहे. बुधवारी, १६ तारखेला, सकाळी नऊ वाजता शाळेत सगळ्यांना एकत्र बोलावलं आहे, शिपाई, शिक्षक, कमिटी. तुमची खुर्ची मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, निंबाखाली. माडीला कोणी हात लावायच्या आधी तुमची दहा मिनिटं. ती झाली की अंकुश तुम्हाला तिथून घेऊन निघेल, मगच आम्ही सूट घालू.

अंकुश सहाला काटोलात येईल. सुमतीबाईनं गटाच्या यादीत तुमचं नाव सातवं लिहिलं आहे, मला न विचारता. मास्क तुमच्या मापाचा आणून ठेवला आहे, वाटेत लागला तर असावा म्हणून. फक्त त्या दिवशी सकाळी दाढी गुळगुळीत करून बसा. खुंटावर मास्क नीट बसत नाही.

काजल